थोरली

आईने मटाराच्या शेंगांची पिशवी टेबलावर उपडी केली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "हं, थोरले, कर सुरू. मी तुझा वर्ग."

थोरली नुकतीच कामावरून आली होती. दिवसभर रक्तपेढीत उभं राहून पायांचे खांब झाले होते. उद्या नव्या परिचारिकांच्या तुकडीला तासभर प्रतिपिंडांविषयी शिकवायचं होतं. दरवर्षी तीच शिकवायची, आणि दरवर्षी आदल्या दिवशी तिला वाटायचं, यंदा हे दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारावं. पण रक्तपेढीत दुसरा गळा एकच होता, मुख्य तंत्रज्ञांचा. त्यांना चार अनोळखी माणसांपुढे उभं केलं की स्वतःचं नावसुद्धा आठवत नसे.

"चहा तर पिऊ दे."

"पी की. चहा पिताना तुझं तोंड बंद राहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही."

एकुलत्या एका मुलीला कुणी थोरली म्हणतं का? शेजारीपाजारी जन्मभर हसत आले होते. लेक एकच, आणि हाक अशी, जशी तिच्या मागे चार पोरं ओळीने उभी आहेत. कुणी विचारलंच तर आई म्हणायची, "तिचा रुबाब बघा आधी, मग विचारा." विषय तिथेच मिटायचा. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लोकांची बोलणी जोडून देण्यात आणि वेळ संपली की तोडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

थोरली आता पन्नाशीला टेकली होती. लग्न केलं नव्हतं; का केलं नाही, असं विचारणारे बिचारे एकेक करून दमले होते. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघीच राहायच्या, आणि आईचे गुडघे व थोरलीची पाठ आळीपाळीने कुरकुरत असायची. जिचं दुखत नसेल तिने भांडी घासायची, असा अलिखित करार होता.

"तर," कप खाली ठेवत थोरली म्हणाली, "अंगात परकं काही शिरलं की त्याला धरायला शरीर एक वस्तू बनवतं. दोन हात आणि एक पाय. हातांनी पकडायचं, पायाने इतरांना खूण करायची, की या, इथे आहे. हे प्रतिपिंड. त्याच्या पाच जाती. पहिली आयजीएम."

"सरकारी कचेरीचं नाव वाटतं."

"नावावर जाऊ नकोस. ही सगळ्यांच्या आधी पोचते. पाच जणी पाठीला पाठ लावून बांधलेल्या, म्हणजे हात झाले दहा. अंगाने दांडगी. आली की एकाच वेळी दिसेल त्याला मिठी, नुसती धरपकड. पण टिकत नाही. थोड्या आठवड्यांत ओसरते."

"म्हणजे तुझी मावशी," आई म्हणाली. "इकडे कुणाला शिंक आली की पहिल्या बसने हजर. आधी आवाज, मग पिशव्या, मग माणूस. आणि चार दिवसांत 'माझ्या घरी कोण बघणार गं' करत परत."

थोरलीला हसू आलं. गेल्या कित्येक वर्षांत इतकं बरं उदाहरण तिला सुचलं नव्हतं.

"दुसरी आयजीए. ही दारात बसून असते. डोळ्यांतलं पाणी, लाळ, नाकातला, आतड्यांतला ओलावा, तिथे तिचा मुक्काम. आत शिरायच्या आधीच अडवायचं. आईच्या दुधातसुद्धा असते, पहिल्या चिकाच्या दुधात तर भरपूर."

"खालची काकू. पोस्टमनलाही 'कुणाकडे?' विचारल्याशिवाय जिना चढू देत नाही." आईने एक शेंग दोन बोटांत दाबली, दाणे भांड्यात टपटपले. "आणि दुधाचं म्हणशील तर तुला काही कमी पडलं नाही. अडीच वर्षं सोडलं नाहीस." पुढच्या शेंगेवर तिचा अंगठा जरा थांबला. "मग सोडवावंच लागलं."

"तिसरी आयजीई," थोरली घाईने म्हणाली. "तिचं खरं काम पोटातल्या जंतांशी लढायचं. पण नाकावर माशी बसू देत नाही. धूळ म्हणू नका, फुलांचे पराग म्हणू नका, मांजराचा एक केस म्हणू नका, कशावरूनही भडकते. मग शिंका, अंगावर गांधी, दमा."

"आत्या!" दोघी एकदमच म्हणाल्या.

"चौथी आयजीडी. पेशीच्या अंगावर बसलेली असते. रक्तात अगदी थोडी. नेमकी काय करते, ते अजून पुरतं कुणाला कळलेलं नाही."

"तुझे मधले काका. नसले तर चुकल्यासारखं वाटतं, असले की काय करतात ते देव जाणे. पेपर तेवढा वाचतात."

खिडकीतून आलेलं उतरतं ऊन टेबलावरच्या सालांवर पडलं होतं. थोरलीचे पाय अजून ठणकत होते, पण बसून बरं वाटत होतं. पाचवी जात उरली होती. ती सांगून झाली की भात लावायचा, भांडी, मग झोप.

"शेवटची आयजीजी. रक्तात सगळ्यांत जास्त हीच. उशिरा येते, पण येते ती राहायला. आवाज नाही, गडबड नाही. एकदा पाहिलेला चेहरा पुन्हा दिसला की मुकाट्याने, पण पूर्ण ताकदीने उभी राहते. आणि या पाचांतली ही एकटीच वार, म्हणजे प्लासेंटा, ओलांडून आईच्या रक्तातून पोटातल्या बाळाकडे जाते. बाळाला पहिले काही महिने स्वतःचं पुरेसं बनवता येत नाही. आईकडून आलेल्या या शिदोरीवरच ते तगतं."

"आणि ही आपल्यातली कोण?"

"ही तू," थोरली सहज बोलून गेली, आणि बोलताक्षणीच तिला आपली जीभ चावावीशी वाटली.

 आईने दोन-तीन शेंगा सोलल्या. एका शेंगेत अळी निघाली, ती तिने सालासकट बाजूला सारली. मग दाण्यांकडे बघतच तिने विचारलं, "फक्त चांगलंच नेते का गं ती पलीकडे?"

या प्रश्नाचं उत्तर थोरलीइतकं नेमकं त्या शहरात फार थोड्यांना देता आलं असतं.

"उद्याच्या तासाला एवढंच पुरे," ती उठत म्हणाली. "परिचारिका आहेत त्या, डॉक्टर नाहीत."

"बरं," आई म्हणाली. फोनवर एखादं बोलणं मध्येच तुटलं की पूर्वी ती हेडफोन काढून ठेवायची, तसे तिने हात टेबलावर ठेवले. थोड्या वेळाने सालं गोळा केली. थोरलीने भात लावला. भांडी त्या दिवशी आईनेच घासली, गुडघे दुखत असताना.

तो त्या घरातला शेवटचा साधा दिवस.

आता ते उत्तर काय होतं, ते सांगायला हवं. आईचं रक्त निगेटिव्ह होतं, बाबांचं पॉझिटिव्ह, आणि थोरली रक्ताने बाबांवर गेली होती. बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्याला परकं समजून अँटी-डी नावाचं प्रतिपिंड तयार करतं. पण तोवर बाळ बाहेर येऊन पाळण्यात पोचलेलं असतं, त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. भोगावं लागतं ते पुढच्याला. पुढचं बाळ पॉझिटिव्ह असलं, की तीच मुकी, न विसरणारी आयजीजी वार ओलांडून पलीकडे जाते आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडू लागते. बाळ फिकट होतं, पिवळं पडतं. हल्ली पहिल्या बाळंतपणानंतर आईला एक इंजेक्शन देतात आणि हे सगळं टळतं. तेव्हाही ते निघालं होतं, पण आईच्या दवाखान्यापर्यंत आलं नव्हतं.

आईच्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी थोरलीला तिसरं वर्ष चालू होतं. तिला मावशीकडे ठेवलं होतं एवढं आठवत होतं, आणि आई घरी आली तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं. घरात पुन्हा त्या बाळाचं नाव निघालं नाही. निघायला नाव ठेवलेलंच नव्हतं.

पुढे शिकायला गेल्यावर एका दुपारी बाईंनी फळ्यावर दोन वर्तुळं काढली, मोठ्या वर्तुळाच्या आत लहान, आणि मोठ्यातून लहानात जाणारा बाण. "पहिलं बाळ सुखरूप असतं, फास दुसऱ्याला बसतो," असं त्या म्हणाल्या आणि थोरलीचं पेन थांबलं. आजूबाजूच्या मुली लिहीतच होत्या. त्या बाकावर तिला दोन प्रश्न पडले आणि ते तिच्याबरोबरच म्हातारे होत आले होते. आईला हे माहीत आहे का? आणि माहीत असेल, तर माझ्याकडे बघताना तिला काय दिसतं?

विचारायचं ठरवून ती कितीदा स्वयंपाकघरात गेली, आणि दरवेळी मीठ कुठे आहे ते विचारून परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई न्हाणीघरात कोसळली. गुडघ्यांसाठी ती वेदनाशामक गोळ्या घेत होती, सांगायची त्याच्या दुप्पट, आणि पोटात आतल्या आत रक्त वाहत होतं. थोरली जिथे काम करायची त्याच इस्पितळात तिला नेलं. रक्त द्यावं लागणार होतं. आईच्या रक्ताची नळी ज्या खिडकीतून आत आली, त्या खिडकीतून थोरलीने आयुष्यात हजारो नळ्या घेतल्या होत्या. ही मात्र तिने घेतली नाही. आपल्या माणसाचं रक्त आपण तपासायचं नाही, असा तिथला दंडक. हात थरथरतो, आणि डोळ्यांना हवं ते दिसतं.

मुख्य तंत्रज्ञांना सगळे गुरुजी म्हणत. सावकाश माणूस. त्यांचं एक पालुपद होतं: 'नाही' म्हणणाऱ्या नळीवर विश्वास ठेवू नका. रक्त देण्याआधीच्या या तपासणीत गुठळी दिसली तर प्रतिपिंड आहे हे उघडच. पण काही दिसलं नाही तर? कदाचित खरंच काही नसेल. कदाचित धुण्यात कसर राहिली असेल, औषध वाया गेलं असेल. म्हणून प्रत्येक 'नाही'वाल्या नळीत, ज्यांच्यावर प्रतिपिंड चिकटवलेलंच आहे अशा पेशींचा एक थेंब टाकायचा. त्याची तरी गुठळी व्हायलाच हवी. झाली नाही, तर ते 'नाही' खोटं, पहिल्यापासून सुरुवात. घाईच्या दिवशी तरुण मंडळी ही पायरी टाळू बघत. गुरुजींच्या हाताखाली ते कधी जमलं नाही.

थोरली फ्रीजला पाठ टेकून उभी राहिली. गुरुजींनी सीरम आणि तयार पेशी एकत्र करून फिरवल्या, नळी उजेडात धरली, हलकेच तिरकी केली.

"अजून काही नाही," ते म्हणाले.

नसणारच. असं एका झटक्यात गुठळ्या करणारी ती दहा हातांची आयजीएम. आयजीजीचे हात आखूड. ती एका पेशीला धरते, पण शेजारच्या पेशीपर्यंत पोचत नाही. तिला माणसाच्या अंगाची ऊब लागते, आणि मग एक मध्यस्थ लागतो: प्रतिपिंडांनाच धरणारं दुसरं प्रतिपिंड. त्याने दोन्हीकडचे पाय पकडले की कुठे ती दिसते. तोवर ती तिथे असूनही नसते.

गुरुजींनी नळी उबेला ठेवली. पुन्हा पुन्हा धुतली. मध्यस्थ औषध घातलं. फिरवली. उजेडात धरली. या वेळी त्यांनी ती पटकन खाली घेतली नाही.

"ताई, अँटी-डी आहे. क्षीण आहे, जुनं आहे, पण आहे." ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाळंतपणातलं?"

"हो."

"म्हणजे तुम्ही पॉझिटिव्ह. मग तुमच्या पाठीवर…"

"पाठीवर कुणी नाही," थोरली म्हणाली. "मी एकटीच."

गुरुजींनी आणखी काही विचारलं नाही. "रक्त मिळेल. निगेटिव्ह पिशव्या आहेत. जुळवून देतो," एवढंच म्हणाले आणि कामाला लागले.

नळी स्टँडवर होती. थोरलीने जवळ जाऊन पाहिलं. तळाशी बारीक कण, वाळूसारखे. तिच्या जन्माच्या दिवशी तिचे काही थेंब आईत गेले होते आणि जवळजवळ पन्नास वर्षं आईच्या रक्ताने तिची ओळख ठेवली होती. आप्त म्हणून की वैरी म्हणून, ते नळी सांगत नाही.

रक्त चढलं. आईच्या ओठांवर जरा रंग आला. दुपारी तिने डोळे उघडले.

"थोरले, मटार फ्रीजमध्ये ठेवलेस का?"

"ठेवलेत."

"उघडे नको ठेवूस. सुकतात."

"आई," थोरली म्हणाली. पण शेजारच्या खाटेवरच्या बाईंना जेवण आलं, ताटांचा आवाज झाला, आणि आईचे डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी, आईचं हृदय थकून थांबलं. डॉक्टर म्हणाले, वय होतं, हृदय आधीच कमजोर होतं. ते खरंच होतं. आईला मिळालेलं रक्त चोख होतं, त्या प्रतिपिंडाचा तिच्या जाण्याशी काही संबंध नव्हता. थोरलीला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, आणि त्याचा तिला काही उपयोगही नव्हता.

मावशी आली ती अर्थात पहिल्या बसने. आधी जिन्यात आवाज, मग पिशव्या, मग मावशी. खालच्या काकूने "कुणाकडे?" विचारलं आणि मग स्वतःच तोंडाला पदर लावला. मावशीने घर ताब्यात घेतलं. आला-गेला, चहा, चादरी, फोन, सगळीकडे तिचेच हात. आत्या आली, अगरबत्तीचा वास सोसेना म्हणून शिंकत गॅलरीत जाऊन बसली. मधले काका आले आणि पेपर वाचत बसले. एरवी थोरलीला हसू फुटलं असतं, आणि ते सांगायला ती स्वयंपाकघरात गेली असती. एकदा ती गेलीसुद्धा.

हळूहळू सगळे पांगले. मावशी मात्र गेली नाही. "माझ्या घरी कोण बघणार गं" हे वाक्य तिने उच्चारलं नाही. थोरली वाट बघत होती, मग तिने वाट बघणं सोडलं. तिला फार थकवा आला होता. सकाळी उठून दात घासेपर्यंत दिवस संपल्यासारखा वाटे.

एका सकाळी दोघी आईचं कपाट आवरत होत्या. मावशी घड्या घालत होती, थोरली नुसतीच हातात एक स्वेटर घेऊन बसली होती.

"तुला आठवतो का गं तो?" मावशीने विचारलं.

"कोण?"

"कोण काय कोण! नाटकं करू नकोस. माझी लपवाछपवीची उमर गेली आता. ठाऊक आहे ना तुला?"

थोरलीने स्वेटरची बाही सरळ केली. "हो."

"कधीपासून?"

"शिकायला गेले तेव्हापासून."

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. "घ्या! म्हणजे तिला ठाऊक, तुला ठाऊक, आणि मधल्या मध्ये मी तोंडाला कुलूप लावून बसले जन्मभर! माझ्यासारखीने! तुला कल्पना आहे का मला किती जड गेलं असेल?"

"तिला कारणही माहीत होतं?"

"डॉक्टरांनी तिथेच सांगितलं की. तो हळदीसारखा पिवळा पडलेला. ती मला म्हणाली, हे पोरीच्या कानावर जाता कामा नये, आयुष्यभर ओझं वाहील. आणि मग तू कुठे जाऊन नोकरी धरावीस? रक्तपेढीत! मला फोन केला तिने. म्हणाली, जगात एवढ्या नोकऱ्या पडल्यात आणि कार्टीला हीच सापडली. किती दिवस घाबरून होती, तू आज विचारशील, उद्या विचारशील. तू विचारलं नाहीस. मग म्हणाली, बरं झालं, तिच्या लक्षात नाही आलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती होत नव्हती. मावशीने आणखी एक साडी घडी घालायला ओढली.

"मावशी," थोरली म्हणाली, "मला बघून तिला कधी असं वाटलं का, की…"

मावशीने हातातली घडी आपटली. "मूर्ख आहेस का गं? इतकी पुस्तकं वाचतेस ती काय उशाला घ्यायला? तुला थोरली कधीपासून म्हणायला लागली, माहीत आहे?"

"लहानपणापासून. रुबाबामुळे."

"डोंबलाचा रुबाब! त्याआधी तू ठमी होतीस. घरात, दारात, सगळीकडे ठमी. तो जन्मला तेव्हा मी तुला घेऊन दवाखान्यात गेले, तर खाटेवरूनच तुला म्हणाली, ये गं थोरले. दीड दिवस होता तो. गेल्यावर तुझे बाबा म्हणाले, आता पूर्वीसारखं ठमीच म्हण, ही हाक ऐकवत नाही. तर काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, 'थोरलीच आहे ती. धाकटा गेला म्हणून थोरली थोडीच नाहीशी होते?'" मावशीने नाक पुसलं. "तेव्हापासून जी धरली ती हाक. दिवसातून पन्नास वेळा. आणि म्हणे ती गप्प राहिली!"

मावशीला रडू आवरेना. तिचं रडणंही दहा हातांचं होतं. तिने थोरलीला, स्वेटरला, कपाटाच्या दारालासुद्धा कवटाळलं. थोरली बसून राहिली. तिला गुरुजींचं पालुपद आठवत होतं. आईच्या गप्प राहण्याला तिने 'नाही' म्हणून वाचलं होतं आणि नळी बाजूला ठेवून दिली होती. ती हाक मात्र रोज कानावर पडत होती. थोरले, चहा. थोरले, छत्री घे. थोरले, कर सुरू.

मटार वाया गेले होते. मावशीने भांडं उघडलं, नाक मुरडलं आणि टाकून दिले.

मावशी परत गेली त्या दिवशी थोरली कामावर रुजू झाली. परिचारिकांचा तास लांबणीवर पडला होता, तो तसाच तिची वाट बघत होता. गुरुजी म्हणाले, "ताई, आणखी ढकलू या का? नाहीतर मी घेतो." हे म्हणतानाच त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"घेते मी," थोरली म्हणाली.

खोलीत पंखा फिरत होता, बाकांवर कोऱ्या गणवेशातल्या मुली होत्या, एकदोन मोठ्या बायकाही. थोरलीने उभ्याने सुरुवात केली, मग खुर्ची ओढून बसली. पहिली जात, दुसरी, तिसरी. मावशीचं उदाहरण दिलं, हशा झाला. खालच्या काकूचं, आत्याचं दिलं. मधल्या काकांचं दिलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आमच्या वॉर्डातही एक आहेत." पुन्हा हशा.

मग आयजीजी. उशिरा येणारी, न बोलणारी, राहणारी. वार ओलांडून बाळाला शिदोरी देणारी. दरवर्षी ती इथे खडू खाली ठेवायची.

"ती पलीकडे फक्त चांगलंच नेत नाही," थोरली म्हणाली. तिने फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या आत लहान. बाण काढला. आईचं रक्त, बाबांचं रक्त, बाळाचं रक्त, सगळं सांगितलं. ज्या दरवाजाने शिदोरी जाते त्याच दरवाजाने हेही जातं, आणि नेणारीला दोन्हींतला फरक कळत नाही, असं सांगितलं. म्हणून पहिल्या बाळंतपणानंतर ते इंजेक्शन कधीही विसरायचं नाही, हे बजावलं.  बऱ्याच जणी लिहीत होत्या.

पुढच्या बाकावरच्या एकीने हात वर केला. पेन तिच्या बोटांतच होतं.

"मॅडम, पहिल्या बाळाला मग काहीच होत नाही?"

"नाही. पहिल्याला काही होत नाही."

"म्हणजे ते सुटलंच म्हणायचं."

थोरलीने खडू ठेवला. बोटांना लागलेली पांढरी भुकटी तिने पदराला पुसली. आवाज निघाला तो तिला वाटला होता त्यापेक्षा बराच साधा होता.

"मी पहिली," ती म्हणाली. "माझ्या पाठीवर एक भाऊ झाला होता. दीड दिवस जगला. आम्ही दोघं. मी थोरली."